धोंड्याच्या महिन्यातले बूट

ऐन मार्च महिन्यात सोलापुरात वॉटरप्रूफ बूट विकत घेणारा माणूस तुम्हाला बघायचा असेल, तर शुक्रवार पेठेत या. मी घरीच असतो. ज्या गावात पाऊस पडला तर लोक बाहेर येऊन बघत उभे राहतात, त्या गावात मी पायात पाणी शिरू नये म्हणून बूट घेतले. हे मी आज हसत लिहितोय, पण तेव्हा हसायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर आजही नाही.

माझं काम उन्हातलं. विजेच्या मोठ्या टॉवरलाइनची पाहणी करणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी नोकरीला आहे. एका टॉवरपासून दुसऱ्या टॉवरपर्यंत तारांखालून चालत जायचं. फांदी तारेला टेकतेय का, पाखरांनी घरटं बांधलंय का, टॉवरचा एखादा लोखंडी अँगल कुणी कापून नेलाय का, ते बघायचं, फोटो काढायचे आणि पाठवायचे. कधी मोडनिंबकडे, कधी करमाळ्याकडे. लाइन काही रस्त्याकडेने जात नाही, सरळ रानातून जाते, मग आम्हीही तसेच. उन्हाळ्यात काळ्या रानाला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि जिथे भेगा नसतात तिथे वेड्या बाभळीचे काटे असतात. कॅनव्हासच्या साध्या बुटातून तो काटा थेट तळव्यात येतो. ठेकेदाराने दिलेल्या बुटांना पुढे लोखंडी टोपी होती, ती दुपारी अशी तापायची की बोटं भाजून निघायची. म्हणजे मला तळ जाड हवा होता, उंची घोट्याच्या वर हवी होती आणि आत वारा खेळायला हवा होता. हे सगळं मला कळत होतं. न कळता केलेली चूक असती तर एवढी टोचली नसती.

झालं असं, की मला मोबाइलवर परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघायचा नाद लागला होता. शिकारीशी माझा संबंध उंदराच्या पिंजऱ्यापलीकडे नाही. पण ती माणसं जंगलातून चालतात ते मला आवडायचं. गुडघ्याच्या खालपर्यंत बांधलेले काळपट हिरवे बूट, चिखलातून, ओढ्यातून बेधडक टाकलेली पावलं. ते गारठ्यातले लोक आहेत, त्यांच्या तोंडातून वाफ निघतेय, हे मला दिसत होतं आणि तरीही मला तेच बूट हवे होते. बायको चहा देताना वाकून बघायची आणि म्हणायची, "वाघ मारायला निघालाय की काय?"

बूट घ्यायला ती बरोबर आली होती. दुकानदाराने बरेच जोड काढले. त्यातला एक तिने उचलला. खाकी रंगाचा, जाड तळाचा, वरचा भाग जाड कापडाचा आणि आतल्या बाजूला बारीक भोकांच्या दोन ओळी. तिने तो दाराकडे धरून एक डोळा मिटून आत पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे घ्या की. भोकातनं उजेड दिसतोय बघा, म्हणजे वारं पण जाईल."

दुकानदार हसला. तो चांगल्या मनानेच हसला असेल, पण मला वाटलं तो आम्हाला हसला. भर दुकानात बुटाला डोळा लावून बसलेली बायको, आणि तिच्या शेजारी मी. मी तिच्या हातातून तो बूट घेतला आणि खाली ठेवला. म्हटलं, "हे शाळेतल्या पोरांचे बूट आहेत. तुला यातलं काय कळतं?" मग मी ते उंच, काळे, रबरासारख्या चामड्याचे बूट घातले. आरशासमोर दोन पावलं टाकली. दुकानदार म्हणाला, "एकदम फौजी लगते साब. पानी का एक बूंद अंदर नहीं जाता." मी खूश झालो. बायको रस्त्याकडे बघत उभी होती.

पाण्याचा थेंब आत जात नव्हता हे खरंच होतं. पण माझ्या पायाचा घाम तरी बाहेर कुठून जाणार होता? पहिल्या आठवड्यातच कळलं. दुपारी बारानंतर पाऊल टाकलं की आत पचपच आवाज यायचा. टॉवरच्या सावलीत बसून बूट काढला की मोजा पिळून निघायचा. एप्रिल निम्मा झाला तशी बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडली, मग सुटायला लागली, मग आतून लाल झाली. आणि वास. त्या वासाबद्दल मी जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो, की संध्याकाळी बूट काढताना मी स्वतःच तोंड फिरवून घ्यायचो.

आपल्याकडे माणसाला बूट घालून कुठे राहताच येत नाही, हे मला त्या उन्हाळ्यात नव्याने कळलं. रानात वस्ती लागली की कुणीतरी हाक मारतं, "या सायेब, पानी घ्या, उनाचं कुटं निगालाय?" घरात चला, सावलीला टेका, असा आग्रह होतो. आणि घरात जायचं म्हणजे उंबऱ्याबाहेर बूट काढायचे. मी बाहेरच, उन्हात उभा राहून पाणी प्यायचो. "घाईत आहे," म्हणायचो. करमाळ्याकडच्या एका वस्तीवर एक म्हातारी मी वळल्यावर सुनेला म्हणाली, "आपल्या घरात बसायचं न्हाय त्याला." मला ऐकू आलं. परत जाऊन सांगावंसं वाटलं, की आजी, तसं नाही. पण मग कसं, ते सांगावं लागलं असतं. मी चालत राहिलो.

तुम्ही म्हणाल, मग दुसरे बूट घ्यायचे. मीही स्वतःला रोज हेच म्हणत होतो. पण दुसरे घेतले की बायकोचं खरं झालं असतं. ती "मी सांगितलं होतं" असं म्हणणाऱ्यांतली नाही, ती काहीच म्हणाली नसती, नुसती खाकी बूट बघून गप्प राहिली असती, आणि ते मला जास्त झोंबलं असतं. माझा स्वभाव हा असा आहे. कुजलेली बोटं चालतील, पण माघार नको. औषधाच्या दुकानातून मलमाची ट्यूब आणली, तीही "मित्राला पाहिजे" असं सांगून. दुकानातल्या मुलीने मित्राचे पाय कोरडे ठेवायला सांगितलं. मी रात्री मलम लावायचो आणि सकाळी पाय पुन्हा त्याच बुटांत घालायचो.

घरी आलो की थेट मागच्या नळावर. बूट गच्चीवर. मोजे मी स्वतः धुवायचो. लग्नानंतर इतक्या वर्षांत ज्याने हातरुमाल धुतला नाही, तो मोजे धुतोय म्हटल्यावर बायको म्हणाली, "द्या की हिकडं, मी धुते." मी तिच्यावर खेकसलो. ती हात पुसत आत गेली. आपल्या पायांची लाज आपण तिच्यावर काढतोय हे मला समजत होतं, तरी खेकसणं थांबलं नाही.

त्यात त्या वर्षी ज्येष्ठात अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, ताम्हणात दिवा आणि तेहतीस अनारसे ठेवून वाण द्यायचं. लेक लक्ष्मी आणि जावई नारायण, असं मानायचं. म्हणून जेवायच्या आधी सासू-सासरे जावयाचे पाय परातीत घेऊन धुतात आणि ते पाणी डोळ्यांना लावतात.

सासऱ्यांचा फोन आला. ते मोडनिंबजवळच्या खेड्यात राहतात. "पाव्हणं, औंदा यायाचंच. गेल्या टायमाला भावकीत सुतक निगालं, त्याच्या आदी हिची तब्येत. पोरीचा धोंडा माज्या हातनं झालाच न्हाय. औंदा काय बी कारन सांगायचं न्हाय बगा." आठवड्याभरापूर्वीच त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तो अजून धुरकट होता आणि दुसऱ्या डोळ्यानेही त्यांना फार दिसत नव्हतं. काळा चष्मा लावून ते दिवसभर खाटेवर बसून असत आणि सासूबाई वेळ झाली की डोळ्यांत थेंब सोडत. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. हे सगळं मला माहीत होतं, पण त्या फोनवर मला एकच गोष्ट ऐकू आली. माझे पाय. परातीत. सगळ्यांच्या समोर.

मी आधी ड्यूटीचं कारण काढलं. बायकोने परस्पर माझ्या जोडीदाराला विचारून ते खोटं पाडलं. मग मी तत्त्व काढलं. म्हटलं, "म्हाताऱ्या माणसाने माझे पाय धुवायचे हे मला पटत नाही. असल्या प्रथा मी मानत नाही."

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "लग्नात तर दोन्ही पाय ताटात ठेवून बसला होता की."

"तेव्हा मला अक्कल नव्हती."

ती हसली नाही. भाजीची काडी मोडून म्हणाली, "बाबांना काय सांगू मग? जावयाला आमचा धोंडा नको म्हणून?"

तिला काय वाटत होतं ते मला दिसत होतं. माहेर साधं आहे, पत्र्याचं घर आहे, म्हणून हा टाळतोय, असं तिला वाटत होतं. मी तिला तसं वाटू देत होतो. चांगल्या विचारांचा माणूस म्हणून मिरवता आलं असतं, नाहीतर गर्विष्ठ जावई म्हणून बोलणी खाल्ली असती, दोन्ही मला चाललं असतं. फक्त घाणेरड्या पायांचा माणूस व्हायचं नव्हतं. शेवटी तिचा चेहरा बघवेना म्हणून मी हो म्हटलं.

त्या दिवशी सकाळी मी पाय साबणाने इतके घासले की बेचक्यांतून रक्त आलं. वर पावडर दाबली, नवे मोजे चढवले आणि एसटीत बसलो. सासुरवाडीला पोचल्यावर सगळ्यांच्या आधी मागच्या हौदावर जाऊन पुन्हा पाय धुतले. वास नव्हता. मी वाकून खात्री करून घेतली. जरा धीर आला.

दारात साडीचा मांडव बांधला होता. भावकीतल्या बायका, शेजारपाजार, चुलत सासवा, सगळे जमले होते. पाटाभोवती रांगोळी होती. बायको माझ्या शेजारच्या पाटावर बसली, हिरव्या साडीत, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसला. समोर पितळी परात. सासरे काळा चष्मा लावून, हाताने जमीन चाचपत खाली बसले. सासूबाई तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. मी पाय परातीत ठेवले आणि बोटं आवळून घेतली, जणू त्यामुळे काही झाकलं जाणार होतं.

सासूबाईंनी धार धरली. सासऱ्यांचे हात शेतीतले, खरखरीत, आणि त्यांना ते काम नीट करायचं होतं. इतकी वर्षं राहिलेलं काम होतं ते. त्यांनी टाचा चोळल्या, घोटे चोळले आणि मग एकेक बोट वेगळं करून बेचक्यांत अंगठा घातला. माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी दातांवर दात धरून हसरा चेहरा ठेवला. खाली परातीत पांढऱ्या कातडीचे पापुद्रे तरंगायला लागले. सासऱ्यांना ते दिसणं शक्य नव्हतं. सासूबाईंना दिसले. त्यांची धार क्षणभर तुटली, त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाणी ओतायला लागल्या. मला वाटलं, सुटलो. कुंकू लागलं, फुलं वाहिली, आता उठायचं.

तेवढ्यात सासऱ्यांनी चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा अजून लालसर होता, त्यातून पाणी येत होतं. त्यांनी दोन्ही हातांची बोटं परातीतल्या पाण्यात बुडवली.

मी त्यांचं मनगट धरलं. "डोळ्यांना लावू नका."

सासरे गोंधळले. "का वो पाव्हणं? काय चुकलं का?"

"डॉक्टरांनी पाणी लावू नका म्हटलंय ना."

मला वाटलं एवढ्याने भागेल. सगळ्यांनी माना डोलावल्याही. पण ते हसले. माझा हात त्यांनी हळूच बाजूला केला आणि म्हणाले, "ते सादं पानी म्हनला डाक्टर. हे जावयाच्या पायाचं हाय. नारायनाचं पानी हाय हे, ह्येनं काय सुदीक व्हत न्हाय. उलट डोळा ब्येस हुतो का न्हाय बगा." आणि त्यांनी पुन्हा ओली बोटं डोळ्यांकडे नेली.

मला अजूनही कबूल करताना लाज वाटते, की त्या क्षणीही मी एकदा सगळ्यांच्या तोंडांकडे पाहून घेतलं. मग ओरडलो. "नारायण बिरायण काही नाही! माझे पाय कुजलेत. बुटांनी कुजलेत. ते पाणी घाण आहे, डोळा जाईल तुमचा!"

एक पोरगी फिस्सकन हसली आणि तिला कुणीतरी चापट मारली. एका चुलत सासूने पदर नाकाला लावला. सासूबाईंनी परात ओढून बाजूला केली, साबण आणला आणि नवऱ्याचे हात कोपरापर्यंत धुवून काढले, लहान पोराचे धुवावेत तसे. माझे पाय उघडे पडले. वर कुंकू, मध्ये लाल मांस, भोवती पांढरी कातडी. लपवायला जागा नव्हती. बायको माझ्या पायांकडे बघत होती. मला वाटलं, आता हिच्या माहेरी हिला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागणार. पण तिने पदराचं टोक घेतलं, खाली वाकून एकेक बोट टिपायला लागली आणि मला एकट्यालाच ऐकू येईल असं म्हणाली, "मला दाखवायला काय झालं होतं?"

वास येईल म्हणून, एवढंच उत्तर होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मी उठायला लागलो. कुठे जाणार होतो ते माहीत नव्हतं, पण त्या पाटावरून उठायचं होतं.

"बसा," सासरे म्हणाले. हात धुऊन ते पुन्हा समोर येऊन बसले होते. चष्मा लावला होता. ते पुढे झुकले, पार माझ्या पावलाजवळ तोंड नेलं आणि जेवढं दिसेल तेवढं बघत राहिले. आता ते काय बोलणार, त्याची मी वाट बघत होतो. शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

"दुकतंय का?" त्यांनी विचारलं.

दोन महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारू दिलं नव्हतं. मी मान हलवली. मग त्यांना मान हलवलेली दिसली नसेल असं वाटून म्हटलं, "हो. फार."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, चुलीवरचं काळं भांडं घासावं तसं माझी बोटं चोळलेल्या हातांकडे. "आन् मी येड्यावानी रगडत बसलो की वो," ते म्हणाले. "दात खाऊन बसला आसाल तुमी. येका शब्दानं सांगायचं की पाव्हणं. मला दिसत न्हाय, पर ऐकू तर येतंय." आणि त्या सगळ्या लोकांसमोर, पत्र्याच्या घराच्या दारात, सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने मला हात जोडले. "लई त्रास दिला मी. माफी करा."

माफी मी मागायची होती. त्यांची, तिची. शब्द तोंडाशी आले होते, पण ते आधीच मागून मोकळे झाले होते आणि मी नुसता "नाही, नाही" म्हणत त्यांचे हात खाली ओढत राहिलो. ते हात काही सोडवेनात. जेवताना, वाण घेताना, एसटीत बसेपर्यंत ते काळा चष्मा लावून माझ्या मागे मागे येत होते आणि मी मनात काही धरलं नाही ना, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते.